वळवलेली गाडी

व्यापाऱ्याच्या घरात सुट्टी मोजूनमापून येते. शाळांना दिवाळीची सुट्टी लागते, नेमके तेव्हाच दुकानात पाय ठेवायला जागा नसते. सोलापूरच्या चाटी गल्लीतले दुकान असो वा नव्या पेठेतले, वसुबारसेपासून घरातले कर्ते पुरुष जेवायलाही वेळेवर येत नाहीत. अमावास्येच्या पहाटे मंदिरात महावीर भगवंतांच्या निर्वाणाचा लाडू चढवायचा, सायंकाळी पेढीवर पूजन करायचे, पाडव्याला नव्या वहीचे पहिले पान लिहायचे, भाऊबीजेला लेकी-बहिणींचे करायचे. आणि मग कुठे दोन दिवस हाती लागतात, ज्यांवर दुकानाचा हक्क नसतो. तीर्थयात्रा, मुलांची सहल आणि घरातल्या सर्वांचे निवांत एकत्र बसणे, हे सारे त्या दोन दिवसांत बसवायचे असते. म्हणून ते दिवस फार जपले जातात, आणि म्हणूनच त्यांत काही बिघडले तर ते मनाला फार लागते.

अशाच एका घराची ही गोष्ट. घराचे नाव सांगण्याचे कारण नाही. बाजारपेठेतल्या कोणत्याही उंबरठ्याच्या आत ती घडू शकते. घरात आजोबा-आजी, दोन मुलगे, दोन सुना, थोरल्याची अकरावीत शिकणारी मुलगी आणि धाकट्याचा सात वर्षांचा मुलगा. आजींच्या मनात तीन वर्षांपासून कुंथलगिरीची यात्रा होती. एकदा लग्नसराई आडवी आली, एकदा आजोबांचे आजारपण. गुडघे दिवसेंदिवस कुरकुरू लागले, तसा आजींनी नियम घेतला: यात्रेला निघाल्यावर क्षेत्रावर अभिषेक पाहिल्याशिवाय अन्न घ्यायचे नाही. यंदा भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवसाचा अभिषेक आधीच ठरवून ठेवला होता.

धाराशिव जिल्ह्याच्या भूम तालुक्यातील कुंथलगिरी हे महाराष्ट्रातील जैनांचे परमपवित्र सिद्धक्षेत्र. कुलभूषण आणि देशभूषण हे दोन मुनिराज येथून मोक्षाला गेले, अशी परंपरा आहे. चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ च्या सप्टेंबर महिन्यात सल्लेखनापूर्वक देह ठेवला, तोही येथेच. सोलापूरच्या घरांचे या डोंगराशी नाते जुने आहे. बार्शीमार्गे गेल्यास सकाळी निघून दुपारच्या आत पोचता येते, म्हणून ज्यांना दूरच्या यात्रा घडत नाहीत त्यांनाही कुंथलगिरी घडते.

पहाटे पाच वाजता दोन गाड्या निघाल्या. बार्शी मागे पडली तेव्हा सूर्य वर आला होता. थोरल्यांना दर्शनाआधी काही घ्यायचे नव्हते, पण मुलांना भूक लागली होती. रस्त्याकडेच्या झाडाखाली सतरंजी अंथरली गेली. दशम्या, शेंगांची चटणी आणि दिवाळीच्या फराळाचे डबे उघडले. झाडापासून चार पावलांवर एक लहानशी मोरी होती आणि तिला जेमतेम कंबरेएवढा कठडा. मुलाने दोन घास खाल्ले, कठड्यावर चढला आणि हात पसरून चालू लागला. दगडावर पहाटेचे दव होते. कोणी हाक मारण्याआधीच तो खालच्या कोरड्या नाल्यात पडला होता, पसरलेल्या डाव्या हातावर.

त्याला वर आणले तेव्हा कोपराच्या वर हात वेडावाकडा दिसत होता आणि पाहता पाहता सूज चढत होती. मुलगा मोठ्याने रडत होता. थोरल्या काकांनी बाही वर सारली. "सांधा सरकलाय. जरा ओढून बसवला की झालं," असे म्हणत त्यांनी मनगट धरले. तेवढ्यात त्यांच्या मुलीने त्यांचा हात धरला. "बाबा, ओढू नका. जसा आहे तसाच बांधायचा असतो." शाळेत असताना तिने प्रथमोपचाराचे धडे गिरवले होते. गाडीत भेटीसाठी ठेवलेल्या साडीच्या खोक्याचे झाकण तिने काढले, त्यावर टॉवेलची घडी ठेवली, मुलाचा हात ज्या स्थितीत होता त्याच स्थितीत त्यावर टेकवला आणि काकूच्या ओढणीने फार न आवळता बांधून गळ्यात अडकवला. मनगटातले चांदीचे कडे सूज चढण्याआधी साबणाच्या पाण्याने काढून घेतले. हे सारे पाच मिनिटांत झाले. पुढे ज्या गोष्टींनी तो हात वाचवला, त्यांतली ही पहिली.

एव्हाना एक मोटारसायकलवाला थांबला होता. पुढच्याच गावात हाडे बसवणारा जाणता माणूस आहे, तेल लावून पट्टी बांधतो, तासाभरात मोकळे व्हाल, असे त्याने आपुलकीने सांगितले. गाव कुंथलगिरीच्याच वाटेवर होते. सर्वांच्या मनात एकच हिशेब चमकून गेला: तासाभरात पट्टी, त्यानंतर तासाभरात क्षेत्र, अभिषेकही चुकायचा नाही.

आणि मग, संकटाच्या वेळी घराघरांत जे होते, ते झाले. दोष कोणाच्या नावे टाकायचा याची शोधाशोध सुरू झाली. "लक्ष कुणाचं होतं?" असे काकांनी विचारले. "मी पाणी आणायला गेलो होतो, तू तर इथंच होतीस," असे मुलाचे वडील बायकोला म्हणाले. ती माऊली काही बोलली नाही. मुलाचा हात सावरून धरला होता, तशीच बसून राहिली. आजोबा कोणाला उद्देशून बोलले नाहीत, पण बोलले. "तीन वर्षांनी निघालो. आणि आज हे."

त्या शब्दांनंतर मुलाचे रडणे थांबले. मोठ्यांना वाटले, दुखणे कमी झाले. बांधल्यामुळे आराम पडला असेल. आता पुढे जायला हरकत नाही.

आजी गुडघ्यांमुळे अजून गाडीतच बसून होत्या. त्यांनी काचेतून नातवाकडे पाहिले आणि म्हणाल्या, "गाडी वळवा. बार्शीला डॉक्टरकडे चला."

"आणि तुझा नियम?" आजोबांनी विचारले.

"नियम माझा आहे, पोराच्या हाताचा नाही. भगवंत आहेत तिथंच आहेत. हात तेवढा आजचा आहे."

गाड्या वळल्या. वाटेत काकूंनी मुलाची समजूत घालण्यासाठी त्याला बेसनाचा लाडू दिला. त्याने अर्धा खाल्ला. त्या अर्ध्या लाडवाची किंमत कोणालाच ठाऊक नव्हती.

बार्शीत डॉक्टरांनी आधी कोपराकडे पाहिलेच नाही, बोटांकडे पाहिले. डाव्या हाताची बोटे उजव्या हाताच्या मानाने फिकी व गार होती. नख दाबून सोडले की दोन सेकंदांत त्यावर पुन्हा लाली यायला हवी. ती रेंगाळत येत होती. मनगटाची नाडी लागत नव्हती. "बाळ, अंगठा आणि हे बोट जोडून गोल करून दाखव." उजव्या हाताने गोल झाला, डाव्याने होईना. "दुखतं का? मुंग्या येतात का?" मुलगा म्हणाला, "नाही, काही होत नाही." डॉक्टरांनी मोठ्यांना बाहेर थांबायला सांगितले, आत फक्त आई राहिली. मग पुन्हा विचारले. तेव्हा मुलाने सांगितले, की गाडीत बसल्यापासून बोटे बधिर झाली आहेत, पण आपण देवाला जाऊ या. आजीला जेवायचे आहे. सगळे माझ्यामुळे थांबले आहेत.

म्हणजे झाडाखाली त्याचे रडणे थांबले, ते दुखणे कमी झाले म्हणून नव्हे. यात्रा आपल्यामुळे मोडली, हे त्याला कळले म्हणून.

क्ष-किरण चित्रात कोपराच्या थोडे वरचे हाड पूर्ण तुटून सरकलेले दिसले. मुलांच्या कोपराजवळच्या अस्थिभंगांत हाच प्रकार सर्वांत जास्त आढळतो, आणि तो साधारण पाच ते सात या वयात अधिक होतो. पडताना मूल सावरण्यासाठी हात पुढे टाकते, कोपर ताठ होते आणि सारा भार दंडाच्या हाडाच्या तळाशी येतो. त्या ठिकाणी हाड चपटे व पातळ असते, म्हणून ते तेथेच तुटते. तुटलेल्या टोकाच्या अगदी समोरून हाताला रक्त पुरवणारी मुख्य धमनी जाते, आजूबाजूला बोटांना बळ व संवेदना देणाऱ्या नसा असतात. हाड सरकले, की धमनी त्यावर ताणली जाते किंवा दबते. हाड तुटणे ही तेवढी मोठी गोष्ट नव्हे, मुलांचे हाड लवकर जुळते. पण रक्तपुरवठा थांबणे ही मोठी गोष्ट आहे. स्नायूंना रक्त मिळेनासे झाले, की काही तासांतच ते मरू लागतात. सहा तास ही मर्यादा डॉक्टर नेहमी डोळ्यांसमोर ठेवतात. ती ओलांडली तर हाड जुळूनही बोटे पंजासारखी आत वळून कायमची आखडतात. रिचर्ड फॉन फोल्कमान या जर्मन शल्यवैद्याने १८८१ मध्ये या व्यंगाचे वर्णन केले, आणि घट्ट आवळलेल्या पट्ट्यांमुळे रक्त अडून असे होते, हेही सांगितले. आज दीडशे वर्षांच्या जवळपास काळ लोटला, तरी सुजलेल्या कोपरावर तेल चोळून वर बांबूच्या कामट्या करकचून बांधण्याची पद्धत आपल्याकडून गेलेली नाही. वाटेवरच्या गावात त्या दिवशी हेच घडले असते, आणि तेही सद्भावनेने.

बार्शी ते सोलापूर सुमारे ७० किलोमीटर. डॉक्टरांनी पुढे फोन करून अस्थिरोगतज्ज्ञ व भूलतज्ज्ञ तयार ठेवण्याची विनंती केली. वाटेत दर दहा मिनिटांनी बोटे पाहायची, हात हृदयाच्या पातळीवर ठेवायचा आणि तोंडात काहीही घालायचे नाही, असे बजावले. "निघाल्यापासून काही खाल्लं आहे का?" या प्रश्नावर काकूंनी खाली मान घालून लाडवाचे सांगितले.

भूल देण्याआधी पोट रिकामे असावे लागते. घन आहारानंतर सहा तास थांबण्याचा संकेत आहे; नाही तर भूल दिलेल्या अवस्थेत अन्न उलटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. दुखापतीने व भीतीने घाबरलेल्या मुलाचे पोट तर आणखीच सावकाश रिते होते. हाताला मात्र तेवढी सवड नव्हती. सोलापूरच्या भूलतज्ज्ञांनी जास्तीची काळजी घेऊन तो धोका पत्करला आणि दुपारच्या आत शस्त्रक्रिया झाली. पर्युषणात दहा दिवस उपवास करणारी माणसे ज्या घरात आहेत, चौविहार कळतो असे लहान मूलही ज्या घरात आहे, त्या घराला हा एक उपवास ठाऊक नव्हता. जखमी मुलाला डॉक्टरांनी पाहीपर्यंत दूध, पेढा, बिस्कीट, काहीच द्यायचे नाही, ही गोष्ट प्रत्येक आजीला व काकूला माहीत हवी. त्या वेळी प्रेम करायचे ते हातातल्या डब्याने नव्हे, जवळ बसून.

शस्त्रक्रियेत हाड जागेवर बसवले, त्वचेतून बारीक तारा घालून स्थिर केले. हाड सरळ होताच बोटांवर लाली परतली आणि नाडी लागली. बऱ्याच मुलांत असेच होते. दाब गेला की धमनी पुन्हा वाहू लागते. अंगठा व बोट जोडून गोल करण्याची शक्ती मात्र लगेच आली नाही. ताणल्या गेलेल्या नसेला पूर्ववत व्हायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात, पण मुलांत ती बहुधा होते, असे डॉक्टरांनी सांगितले.

येथे एका शब्दाची आठवण होते. अस्थिरोगशास्त्राला जगभर ऑर्थोपेडिक्स म्हणतात. निकोला आंद्री या फ्रेंच वैद्याने १७४१ मध्ये हा शब्द घडवला. त्यातल्या दोन ग्रीक शब्दांपैकी एकाचा अर्थ सरळ आणि दुसऱ्याचा अर्थ मूल. मुलांची वाकलेली अंगे सरळ कशी राखावीत, हे आईबापांना समजावे म्हणून त्याने ग्रंथ लिहिला, आणि त्यातले खांबाला दोरीने बांधलेले वाकडे रोपटे आज या शास्त्राची खूण झाले आहे. हाडांचे शास्त्र मुळात मुलांसाठी आणि त्यांच्या आईबापांसाठी जन्मले, हे पुष्कळांना माहीत नसते. रोपटे दोरीने बांधायचे असते, आवळायचे नसते. हातालाही तेच लागू आहे आणि मनालाही.

कारण त्या रात्री दवाखान्यात सर्वांना सतावत होता तो प्रश्न हाताचा नव्हता. सात वर्षांच्या मुलाने आपले बधिर झालेले बोट लपवले का? त्याला कोणी मारले नव्हते, कोणी रागे भरले नव्हते. फक्त मोठी माणसे आपापसांत दोषाचा हिशेब मांडत होती आणि तो ऐकत होता. व्यापाऱ्याच्या घरातल्या मुलाला जमा आणि नावे फार लवकर कळते. सर्वांची सुट्टी, आजीचा नियम, ठरलेला अभिषेक, हे सारे आपल्या नावे पडले, हे त्याने स्वतःच लिहून टाकले. ते फेडायला त्याच्याजवळ एकच गोष्ट होती: दुखणे न सांगणे.

आपल्याकडे दोष देण्याची आणखी एक रीत आहे. ती अधिक सौम्य वाटते, म्हणून अधिक टोचते. भेटायला आलेले कोणीतरी म्हणते, "असातावेदनीयाचा उदय. पूर्वीचं काही असेल." कोणी म्हणते, "यात्रेत विघ्न आलं, म्हणजे घरात काहीतरी चुकत असणार." कर्मसिद्धांत खोटा नाही, पण तो स्वतःच्या दुःखात समता राखण्यासाठी आहे, दुसऱ्याच्या दुःखाचा न्यायनिवाडा करण्यासाठी नाही. स्वतःवर आलेले संकट कर्मोदय समजून शांतपणे सोसणे ही साधना. दुसऱ्यावर आलेले संकट त्याचा कर्मोदय म्हणून पाहत बसणे, हे त्या सिद्धांताच्या नावाखाली झालेले निर्दयपण. दुसऱ्याच्या दुःखासमोर आपल्या शास्त्रांनी एकच कर्तव्य सांगितले आहे. त्याचे नाव वैयावृत्य. ते अंतरंग तपांत मोजले आहे, तीर्थंकरत्वाला कारण होणाऱ्या सोळा भावनांतही त्याला स्थान आहे. आणि चार दानांत आहार, शास्त्र व अभय यांच्या बरोबरीने औषधदान उभे आहे.

ज्या डोंगराकडे ही गाडी निघाली होती, त्या डोंगराची कथाही हेच सांगते. सातव्या शतकात रविषेणाचार्यांनी रचलेल्या पद्मपुराणात ती आली आहे. राम, सीता आणि लक्ष्मण वनवासात फिरत असता एका नगराजवळ आले. तेथील लोक भयाने नगर सोडून निघाले होते. रात्री डोंगरावर भयंकर आवाज होतात, असे त्यांनी सांगितले. वाटसरूंना त्याच्याशी काय कर्तव्य होते? दुसऱ्या वाटेने निघून जाता आले असते. तरीही ते डोंगर चढून गेले. वर ध्यानस्थ असलेल्या कुलभूषण व देशभूषण मुनिराजांच्या अंगावर साप व विंचू पसरले होते. त्यांनी ते दूर केले, मुनींची सेवा केली आणि रात्री देवाने मांडलेला उपसर्गही निवारला. उपसर्ग टळला आणि मुनींना केवलज्ञान झाले. कुंथलगिरीच्या परंपरेचे मूळ असे आहे: आपला प्रवास थांबवून दुसऱ्याची वेदना दूर करणारे तिघे जण. त्या डोंगराकडे जाणारी गाडी एखाद्या लेकरासाठी अर्ध्या वाटेतून वळली, तर ती यात्रेच्या बाहेर गेली असे कसे म्हणावे?

आणखी एक गोष्ट त्याच डोंगराशी जोडलेली आहे. आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखना घेतली ती दृष्टी मंदावली म्हणून. पायाखालचा जीव दिसेनासा झाला, ईर्यासमिती निर्दोष पाळणे अशक्य झाले, तेव्हा त्यांनी देहाचा मोह सोडला. चार हात पुढची जमीन पाहून पाऊल टाकणे, ही गोष्ट त्यांनी एवढ्या मोलाची मानली. मुनींची समिती गृहस्थाला तशीच्या तशी पाळता येत नाही, पण तिच्यामागचा यत्नाचार गृहस्थाचाच आहे. सतरंजी अंथरण्याआधी चार हात पाहणे, मोरी, विहीर, रस्ता कोणत्या बाजूला आहे हे पाहून मग मुलांना खाली उतरवणे, हाही यत्नाचारच. मुंगी वाचवायला शिकवताना मुलाला त्याचे स्वतःचे पाऊलही पाहायला शिकवावे. अपघात झाल्यावर कोणाचे लक्ष नव्हते हे शोधण्यापेक्षा, निघताना कोणाचे लक्ष राहील हे ठरवणे केव्हाही बरे. आठ मोठी माणसे असली, की प्रत्येकाला वाटते दुसरा पाहत असेल. म्हणून थांब्यावर एकाने नाव घेऊन सांगावे: आता मुलांकडे मी आहे.

बाकीच्या गोष्टी थोड्या आहेत आणि प्रवासाला निघणाऱ्या प्रत्येक घराने लक्षात ठेवाव्यात अशा आहेत. पडलेल्या मुलाचा हात वा पाय ओढू नये, चोळू नये, सरळ करू नये. दिसतो तसाच पुठ्ठ्याच्या, लाकडी पट्टीच्या किंवा जाड घडी केलेल्या मासिकाच्या आधाराने बांधावा. बर्फ लावायचा तर फडक्यात गुंडाळून. कडे, बांगडी, अंगठी, काळा दोरा लगेच काढावा. बोटांचा रंग, ऊब, हालचाल आणि संवेदना पुन्हा पुन्हा पाहावी. बोटे फिकी वा निळसर पडली, बधिर झाली, किंवा बांधल्यावर दुखणे वाढतच गेले, तर एक क्षणही दवडू नये. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका विनामूल्य मिळते. हा क्रमांक गाडीतल्या लहानांनाही पाठ असावा. हाड जुळल्यावर कोपराला मालीश करू नये. त्याने कोपर मोकळे होण्याऐवजी अधिक आखडते, कधी स्नायूत नको तेथे हाड धरते. मूल खेळता खेळता स्वतःच हात मोकळा करते. त्याला वेळ द्यावा.

त्या दिवशी सोलापुरात पोचल्यावर, शस्त्रक्रिया नीट झाल्याचे कळेपर्यंत आजी दवाखान्यातून हलल्या नाहीत. नातू शुद्धीवर आला तेव्हा दिवस मावळतीला लागला होता. सूर्यास्तानंतर त्यांना काही चालत नव्हते, आणि नियमही पुरा झाला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी घराजवळच्या मंदिरात अभिषेक पाहून त्यांनी पारणे केले, आणि कुंथलगिरीचा अभिषेक राहिला आहे असे भगवंतांसमोर सांगून आल्या. उपवास घडला, असेच त्या सर्वांना सांगत राहिल्या. मोडला, असे म्हणाल्या नाहीत.

रात्री नातवाने विचारले होते, "आजी, यात्रा माझ्यामुळे मोडली ना?"

आजींनी लगेच "नाही रे" म्हटले नाही. मुलांना असले उत्तर खोटे वाटते. त्या म्हणाल्या, "तू पडलास म्हणून थांबलो, हे खरं. पण थांबायचं मी ठरवलं. ते माझ्या खात्यात आहे, तुझ्या नाही. आणि दुखत असलं की सांगायचं. पहिलं मला सांगायचं." आजोबा दाराशी उभे होते. त्यांनी आत येऊन खुर्ची ओढली आणि नातवाच्या पायांवरचे पांघरूण सारखे केले. झाडाखाली बोललेल्या वाक्याबद्दल ते काही बोलले नाहीत, पण पुढचे चार दिवस दुकानात न जाता त्याच खुर्चीत बसून राहिले. दिवाळीनंतरचे चार दिवस दुकान सोडणे म्हणजे काय, हे त्या घरात सर्वांना कळत होते. मुलाच्या आईलाही कळले.

चौथ्या आठवड्यात तारा निघाल्या. थंडी सरता सरता अंगठा आणि बोट जुळून गोल होऊ लागला. मुलगा दिसेल त्याला तो करून दाखवू लागला. चैत्रात महावीर जयंती झाल्यावर दोन गाड्या पुन्हा पहाटे निघाल्या. बार्शी मागे पडली, तेच झाड आले, तेथेच गाड्या थांबल्या. या खेपेस सतरंजी झाडाच्या पलीकडे पडली. मोठी माणसे मोरीच्या बाजूला बसली आणि मुले आतल्या बाजूला. काकूंनी सर्वांना ऐकू जाईल असे सांगितले, "आता पोरांकडे मी आहे."

पुढे गाडीत आजींनी नातवाला राम, सीता आणि लक्ष्मणाची गोष्ट सांगितली. तो लक्ष देऊन ऐकत होता. मग म्हणाला, "पण मग त्यांना पुढं जायला उशीर झाला असेल ना?"

"झाला की," आजी म्हणाल्या. "पण पोचले."